अकरा बेचाळीस

आठवडाभर मी टपालाच्या पिशव्या उचलायचो,
शनिवारी सोवळं नेसून भटजी व्हायचो.
कॉव्हेंट्रीत तेव्हा दुसरं होतं कोण?

हेमांगीचं लग्न मीच लावलं.
शाळेचा हॉल, डोक्यावर बास्केटबॉलची जाळी,
अंतरपाट म्हणजे कुणाच्या तरी आईचा टेबलक्लॉथ,
कडेला हळदीचा जुना डाग.
होम फॉइलच्या ट्रेमध्ये,
आणि केअरटेकर बॅरी शिडीवर चढून
धुराच्या अलार्मला शॉवर कॅप घालत होता.
"वीस मिनिटं," म्हणाला, "त्यात काय ते उरका."
सप्तपदी मात्र मी उरकली नाही.
सातही पावलं नीट चालवली.

आज ती माझ्या स्वयंपाकघरात बसलीय
एकवीस वर्षांनी, कोट न काढता.
शिरीष फेब्रुवारीत गेला.
बस कंपनीच्या पेन्शनवाल्यांचं पत्र आलंय:
विवाहाचा दाखला जोडावा.
"काका, तुम्ही द्या ना लिहून. तुम्ही होतात."

होतो.
कपाटातून जुनी वही काढली.
मुहूर्त आहे, अकरा बेचाळीस.
दोघांची गोत्रं, मामांची नावं,
तूप दोन डबे, दक्षिणा एक्कावन्न पौंड.
रजिस्ट्रारचं नाव नाही.
सोमवारी जाऊन सही करू, म्हणाले होते दोघं.
सोमवारी त्याची शिफ्ट निघाली.
मग घर घेतलं, मग मुलगी झाली.
किती सोमवार.

"अग्नीसमोर झालंय," ती म्हणते.
झालंय. अग्नी हजर होता, मीच त्याला तूप घातलं.
पण त्याला सही येत नाही,
आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा
तिथला एकुलता एक सरकारी डोळा
आम्ही टोपी घालून झाकला होता.

प्रत्येक मंगलाष्टकाला मी सावधान म्हणालो.
कशापासून, ते नाही सांगितलं.

तरी लिहून दिलं. इंग्रजीत, जाड कागदावर,
तारीख, वेळ, सात पावलं, खाली माझं नाव.
हुद्दा काय लिहावा कळेना.
'टपाल खातं, निवृत्त' असं लिहिलं.

तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवलं,
उठताना सवयीनं वाकली,
आणि सवयीनंच माझ्या तोंडून निघालं,
"अखंड..."
पुढचं गिळलं.

"असू दे काका," ती म्हणाली,
"त्यांच्या लेखी
मी विधवा तरी कुठं आहे?"