हलवून बघ

तीन गॅरेजांनी हात टेकले, तेव्हा उशांगी
डेलिका घेऊन आला नाझिब्रोलाच्या अंगणात,
तुतीच्या झाडाखाली, जिथे जमीन
काळीजांभळी झालीय, निम्मी फळांनी, निम्मी ऑइलने.

"अबानोच्या खिंडीत बंद पडते. तापली की.
नेमकी वळणावर. मागे सहा माणसं, दोन मेंढ्या,
चीजची कातडी पिशवी, आणि खाली दरी.
दहा मिनिटं थांबलं की चालू, जसं काही झालंच नाही.
तेलावीत पंप बदलला. मग कॉइल. मग तो डबा,
कॉम्प्युटर म्हणतात तो. एक अख्खी गाय गेली त्या डब्यात."

नाझिब्रोलाने चहाचा ग्लास तुतीच्या बेचक्यात ठेवला,
किल्ली फिरवली.
गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरीसारखी शहाणी.
"वैद्याच्या दारात दुखणं लाजतं," ती म्हणाली.
"तापू दे."

बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.
कानाला हेडफोन, बोटांत पितळी टोकांच्या दोऱ्या,
कुणाला त्बिलिसी हवी, कुणाला बराकीतला मुलगा,
कुणाचं रात्रभर नुसतंच, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का.
एक्स्चेंज बंद पडलं, ती बॉनेटखाली आली.
म्हणते, काम तेच. फक्त ही मंडळी
मला शिव्या देत नाहीत.

मी टॉर्च धरतो.
ती वायरींच्या जुडग्यावरून हात फिरवत जाते,
काळ्या खवल्यांच्या नळीवरून, फाट्याफाट्याला थांबत,
प्रत्येकाला हलकासा हिसका.
इंजिन गुणगुणतंय. पहिला फाटा, काही नाही. दुसरा.
पंख्याचा वारा तिच्या पदराएवढ्या बाहीशी खेळतोय.
चौथा, खाली, क्रँकच्या सेन्सरकडे उतरणारा,
आणि इंजिनाला उचकी लागली.
तिने पुन्हा हलवलं.
पुन्हा उचकी.
"हं," ती म्हणाली. ओळखीचा आवाज
लाइनवर यावा, तसं.

किल्ली बंद. खटका दाबून प्लग सुटला.
"बघ."
तीन भोकं. दोन ओठ मिटलेली.
तिसऱ्याचं तोंड वासलेलं,
थोरल्या भावाने घालून सैल केलेल्या बुटासारखं.

आणि मला गेला सप्टेंबर दिसला.
ती अलावेर्दीच्या जत्रेला गेलेली, मी एकटा,
उशांगीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा.
मी मीटरची जाड सुई याच भोकात
समोरून रेटली होती. जात नव्हती, म्हणून आणखी.
आकडा बरोबर आला. वहीत लिहिलं: ठीक.
वीस लारी घेतले.

पहिल्या दिवशी तिने एकच गोष्ट दोनदा सांगितली होती:
मोजायचं ते पाठीमागून. तोंडात काही खुपसायचं नाही.

"उजेड धर नीट," ती म्हणाली.
उजेड हलत होता.

मग तिने ॲप्रनच्या पट्टीतून शिवणाची सुई काढली,
आणि ती माझ्या हातात दिली.
टॉर्च स्वतःकडे घेतला.
आतली जीभ दाबून मी ती पितळी नळी मागे ओढली,
चिमट्याने ओठ जवळ आणले, केसभर, आणखी केसभर,
भंगारातली एक पिन तिच्यात अडकवून उलटी धरली.
पडली.
पुन्हा. या वेळी लोंबत राहिली.
परत आत सारली. टक.
जुडगं तापत्या पाइपापासून दूर, पट्टीने बांधलं.
आता ती हलवत होती आणि इंजिन
आपल्याच नादात, लक्षच देईना.

"किती झाले?" उशांगीने खिशात हात घातला.
"याला विचार."
तुतीवरून एक फळ बॉनेटवर पडलं.
"मी तुझे वीस लारी देणं लागतो," मी म्हणालो,
"आणि ती गाय."
तो माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.
ती चहात बोट घालून काहीतरी काढत होती,
पाकोळी असावी.

त्याने शिवी दिली नाही. "खिंडीतून परत आलो की बोलू,"
एवढं म्हणून दार आपटलं, दोनदा,
पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं.

मी फाटकापाशी उभा राहिलो,
गाडीचा आवाज अलझानीच्या पुलापलीकडे जाईपर्यंत,
आणि गेल्यावरही.

"सुई," मागून ती म्हणाली, "जागेवर ठेव."