नऊ फूट

बाबा सदरच्या टॉकीजचे बोर्ड रंगवायचे.
लाइल पेन्रोज पहिल्यांदा आला तेव्हा
उजव्या कोपऱ्यात, घोड्याच्या शेपटीमागे,
वीतभर.
"पोट्टा नाटकातला दिसते," बाबा म्हणाले,
"मान पाय त्याची. शेवटच्या रांगेसाठी उचललेली."

मग तो वाढत गेला.
चार फूट. नऊ फूट.
एका मे महिन्यात नुसत्या हनुवटीला दोन दिवस लागले,
लोखंडी शिडी हात लावू देईना.
बाबांना इंग्रजी येत नव्हतं,
त्याचा एकही सिनेमा पाहिला नाही त्यांनी.
कोणती सुरकुती कोणत्या साली आली
ते मात्र तोंडपाठ.

पुढं तो कुणाकुणाचा बाप झाला, एकदा न्यायाधीश,
मग परत कोपरा.
मग नुसतं नाव, तळाशी, पांढऱ्यात.

कुणीतरी पेपरात वाचून सांगितलं,
तो पुन्हा नाटकात गेला म्हणे,
तिकडेच, तीनशे खुर्च्यांच्या थेटरात.
बाबांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.
"बरं झालं बाप्पा. आता कोणी फुटात नाही मोजणार त्याले."

नऊ फुटी बोर्ड अजून आमच्या कूलरला
उन्हाच्या आडोशाला उभा आहे.
पाणी झिरपून एक डोळा गेला.
दुसरा आईच्या डोक्यावरून
पार मागं कुठंतरी बघत असतो.