कोठडी एकतीस

नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो तो जातोच.
पुढचा दीड महिना आभाळ
गार पडलेल्या चुलीसारखं.
तटाच्या आत मात्र रात्रच होत नाही.
एकशे अठरा कोठड्या, एकशे अठरा बल्ब,
जाळीमागे, चोवीस तास.
मालवणं हा शब्द माझ्या कामात नाही.
मी येर्मोलाय, इथला वायरमन,
एकोणीस वर्षं नुसता पेटवत आलोय.

बल्ब गेला की आधी घंटा.
मग कैदी भिंतीकडे तोंड करून, कमरेत वाकून,
हात पाठीमागे वर उचलून, पंख मोडल्यासारखे.
दोन शिपाई, एक कुत्री, एक शिडी.
कुत्रीचं नाव बार्सा. तिचे गुडघे गेलेत,
वर कळलं तर काढून टाकतील,
म्हणून कुणी बोलत नाही.

दर दोन तासांनी मोजणी.
जातील कुठे माणसं?
नदीपलीकडे टुंड्रा, टुंड्रापलीकडे टुंड्रा.
गोठल्या नदीवरून लाप्तांदेर स्लेजवर मासे आणतो,
वजन होतं, सही होते,
तो तटाकडे बघत नाही.
म्हणतो, रेनडिअर बिथरतात.

एकतीसमधला ग्लुखोव. दारावर पाटी आहे,
काय केलं, कुणाला केलं, फोटोसकट.
एकदाच वाचली. त्यात एक नाव वार्या.
माझ्या मुलीचंही तेच.

काल टेकडीच्या काठावर सूर्य आला,
नखाएवढा, आठ मिनिटं.
आम्ही सगळे टोप्या काढून उभे,
साहेबसुद्धा, हातातला चहा निवत चाललेला.

दुपारी एकतीसचा बल्ब गेला.
चढलो, जुना फिरवून काढला.
नवा घ्यायला खिशात हात घातला,
आणि का कोण जाणे, तिथेच राहू दिला.
अंधार. दाराशी कॉरिडॉरची पिवळी पट्टी, बाकी खरा अंधार,
लहानपणी पांघरुणात असायचा तसला.
भिंतीकडून श्वास ऐकू आला,
लांब, सैल, डोळा लागतानाचा.
बार्सा फतकल मारून बसली.
काय झालं रे, शिपाई ओरडला.
होल्डर गंजलाय, म्हटलं, थांब जरा.
गंजला नव्हता.
इथे मोजायची सवयच लागते,
चाळीसपर्यंत गेलो.

नोंदवहीत लिहिलं: बल्ब बदलला, चालू.

घरी आलो, जेवलो,
वार्याच्या खोलीतला दिवा मालवायला गेलो.
बाबा, राहू दे ना, म्हणाली.
राहू दिला.