मजल

सोहार ते सलाला, अकराशे आणि वर थोडे.
डिझेलच्या पावतीच्या पाठीवर मी गणित मांडलं:
अकराशे भागिले ऐंशी,
चौदा तासांच्या आतबाहेर.
पहाटे चारला चावी फिरवली
तर दिवस मावळायला सलाला,
रस्त्याकडेला शहाळं.

मुराद बक्षनं पावती लांब धरून वाचली
आणि विचारलं, "वाटेत मुतणार नाहीस?"

मग तो वजा करत गेला.
बंदराच्या फाटकावर दीड तास,
शिक्का असलेला माणूस चहाला गेलेला असतोच.
काट्यावर रांग.
डोंगरात चाळीस टन सळया ओढताना
ऐंशी विसर, पस्तीस धर.
दर दोन तासांनी उतरायचं, प्रत्येक चाकाला हात लावायचा;
गरम आहे की तापलंय
हे तळहाताला कळतं, मीटरला नाही.
आदमच्या पुढं वाळू रस्ता ओलांडते,
डावीउजवीकडं न बघता.
सांजेला उंट.
उंटाला हॉर्न कळत नाही,
त्याच्या मालकाला नुकसानभरपाई कळते.

"उरले पाचशे," तो म्हणाला.
"तू नवा. तुझे चारशे.
आणि रात्री इंजिन बंद."

मला राग आला. चारशे काय,
दिघंचीचं पोरगंसुद्धा मोटारसायकलवर मारेल.
सालेमला फोनवर सांगून मोकळा झालो होतो:
उद्या संध्याकाळी माल उतरवतो.

हैमाच्या अलीकडं, पाचशे ऐंशीवर,
पांढऱ्या पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या,
त्यातली माझी कुठली ते विचारायला कुणी नव्हतं.
डोळे उघडे होते. मीच नव्हतो.
चाकाखाली खडी बोलली
तेव्हा परत आलो.
ब्रेक दाबला, जपून, मागच्या सळयांना कळू न देता.
मग स्टिअरिंगवरचे हात
बराच वेळ कुणा दुसऱ्याचे वाटत राहिले.

सालेमला कळवलं: उद्या नाही, परवा दुपारी.
तो म्हणाला, "तय्यिब, बीरो."
ना शिवी, ना उसासा.
त्यानं पहिल्यापासून परवाच लिहून ठेवलं असणार.

बाप आटपाडी डेपोत, मुक्कामी गाडीवर.
चाळीसच किलोमीटरवरचं गाव,
तरी रात्री एसटीच्या टपावर झोपायचा.
आई चिडायची, एवढ्याशा अंतराला घरी येता येत नाही?
तो पायताण झटकत म्हणायचा,
सकाळी गाडी तिथनंच सुटायची असते.
मी तेव्हा आईच्या बाजूनं होतो.

हैमाच्या चहावाल्याकडं
एका म्हाताऱ्या ओमानीनं मला काही विचारलं,
त्यातला एक शब्द ओळखीचा लागला. मंझिल.
मुराद म्हणाला, तुझं घर कुठंय विचारतोय.
म्हटलं, आमच्याकडं मजल म्हणजे घर नव्हं,
दोन मुक्कामांच्या मधलं चालणं.
मजल दरमजल करत फौजा जायच्या.
मुराद हसला.
इकडनं निघालेला शब्द
तुमच्याकडं पोचेस्तोवर दमला असेल.

म्हाताऱ्याला मी सांगितलं, लांब.
त्यानं माझ्याकडं खजुराची बशी सरकवली.

आता नवी पावती.
पहिला दिवस आदम.
सळया बांधलेल्या साखळ्या पुन्हा आवळायच्या, मग जेवण.
दुसरा दिवस हैमा, तिथं पोचायचं उन्हं असतानाच.
तिसरा दिवस थुमरैत, आणि थुमरैतला थांबायचंच,
सलाला ऐंशीवर असली तरी,
दिवे दिसल्यासारखे वाटले तरी.
खालचा उतार सकाळी घ्यायचा,
ब्रेक गार असताना.

चौथी ओळ मी कोरी ठेवली होती.
मुरादनं तिथं, वाकड्या आकड्यांत,
हैमाच्या टायरवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय.