नाव कळण्याआधीचा भाव

मोंतेविदेओत रविवारी रस्ताभर जुना बाजार.
निबियाच्या सतरंजीवर, बिनदांड्याच्या कढईशेजारी
हे पडलेलं: वीतभर पोलाद,
तीन धारा, टोक चमच्यासारखं वळलेलं,
लाकडी मुठीवर अर्धवट पुसलेलं एक अक्षर.

"शिंपले उघडायचं," ती म्हणाली.
मागच्या रविवारी चीज खरवडायचं होतं.
शंभर पेसो.

मी उलटसुलट करून पाहिलं. काही सुचेना.
तेवढ्यात ओस्मार आला, काखेत थर्मास,
नळीतून कडू येरबा ओढत.
घोट संपेपर्यंत बोलला नाही.
मग धारेवरून अंगठा, आडवा, हळूच.

"बेअरिंगचं आहे.
पांढरा धातू ओतायचा, शाफ्टला निळा रंग फासायचा,
एक वेढा द्यायचा.
निळं उमटेल तिथे उंचवटा.
तेवढाच काढायचा, नखातल्या मळाइतका.
पुन्हा निळं, पुन्हा वेढा.
एका ट्रकला तीन दिवस जायचे माझे.
घाई केलीस
की पहिल्याच चढाला इंजिन ठोके देतं."

निबियाने सगळं नीट ऐकून घेतलं.
"चारशे."
नाव कळलं की भाव वाढतो,
हे तिला कुणी शिकवायला नको.

ओस्मारने ते मुठीत धरलं,
फिरवून पुन्हा धरलं. बसेना.
अंगठ्याची खळगी भलत्याच बाजूला.
त्याने चष्मा वर करून अक्षर पाहिलं.
"डावखुरा.
आमच्या गॅरेजांत डावखुरा एकच होता, रोसेंदो.
माझा जॅक नेलाय त्याने,
एकोणसत्तर साली."

थर्मास माझ्या हाती दिला
आणि गुडघे टेकून
तो बाकीचा ढीग उपसू लागला.