उघाडी

शिरोड्याहून साडेसहाची एसटी,
मांडीवर फिजिऑलॉजीचं पुस्तक, सेकंड हँड.
आधीच्या मालकिणीनं अख्खं मूत्रपिंड
गुलाबी पेनानं अधोरेखित केलेलं,
म्हणजे काहीच केलेलं नाही.

उतरती नळी पाणी सोडते, मीठ धरते.
चढती नळी मीठ बाहेर फेकते,
पाण्याला तिथं वाट नाही.
पाठ होतं. कळत नव्हतं.
कुडाळच्या वर्गात धारगळकर मॅडम
फळ्यावर यू काढायच्या, बाजूला आकडे:
तीनशे, सहाशे, नऊशे, बाराशे.
मी वहीत तो यू उतरवायचे
आणि तो दिसायचा केसांतल्या आकड्यासारखा,
आणखी कशासारखाच नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
आबांचा डबा घेऊन आगरात गेले.
भरती होती, उघाडी उचललेली.
खाडी पहिल्या कोंडीत शिरत होती,
तिथून बांधाच्या फटीतून दुसरीत,
दुसरीतून आत, अजून आत.
आबांकडे मीटर नाही. बोट बुडवून चाखतात.
"हय अजून अळणी. थय चाखान बघ, जिभेक चावता."
पाणी तेच. जितकं आत तितकं खारट.
मी बांधावरच ओरडले, "बाराशे!"
"बाराशे? गोणयेक? कोण देता गे?"

शरीरात ऊन नाही, हे मला नंतर सुचलं,
परतीच्या एसटीत.
तिथं पेशीच पंप मारतात,
जन्मापासून, सुट्टी न घेता,
आणि पंपाखाली कोणाच्या टाचा फुटत नाहीत.
आबांच्या फुटल्यात. भेगांत मीठ जातं,
रात्री आई खोबरेल लावते.
आईचं बीपी एकशे साठ.
मिठागराच्या घरात आता
चमच्यानं मोजून मीठ पडतं,
आणि सुकी सुरमई वरच्या फळीवर,
माझ्या उंचीला पोचेल, तिच्या नाही, अशी.

मंगळवारी वॉर्डात आरोंदेकर काका.
तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर.
डाव्या मनगटावर फिस्टुला.
त्यावर दोन बोटं ठेवायची, थरथर बघायची:
खाडीच्या तोंडाशी आलेल्या होडीचं इंजिन
ऐकू येण्याआधी वल्ह्याला कळतं, तशी.
चार तास. लाल नळी जाते, निळी येते.
काका विचारतात,
"ह्या मूत्रपिंड नेमका करता काय?
डॉक्टर सांगतत, माका समाजणा नाय."

माझ्याकडे यू होता. एटीपी होतं,
सोडियमचे तीन, पोटॅशियमचे दोन.
मी आगर सांगितलं.
दिवसाला एकशेऐंशी लिटर पाणी आत घेणारं,
दीड लिटर सोडून सगळं परत देणारं,
बोट न बुडवता चव ओळखणारं.
काका छताच्या पंख्याकडे बघत राहिले.
"म्हणजे माजी उघाडी मोडली."
मी हो म्हटलं नाही.
दुरुस्त होते का, हे त्यांनी विचारलं नाही.

परीक्षेत मी यू काढला, बाण नीट दिले,
आगराचा उल्लेख केला नाही.
सातपैकी साडेपाच.

परवा काका वजनकाट्यावरून उतरले,
तोंडात बर्फाचा खडा, चोरून आणलेला.
माझ्याकडे बघून हसले,
"आज कितकी उघडतलंस?"
"दोन किलो आठशे," मी म्हटलं,
आणि मशीनवर आकडा टाकला.