न दुखणारं बोट

तुमसरच्या सोनोग्राफी सेंटरात
भिंतीवर सरकारी पाटी:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
खाली बाकावर पाच पोटुशा
आणि सहावी मी, वय चव्वेचाळीस.
बाजूची म्हणाली, "कितवा मयना व बाई?"
म्हटलं, "सातवं वरीस."
दोघी हसलो.
मग तिला सांगितलं, दुखणं पोटाचंच,
पण आज दाखवायचे आहेत हात.

सात वर्षांपूर्वी रक्त पडायला लागलं तेव्हा
मूळव्याध म्हणून सुरण खात राहिले.
मग भंडाऱ्यात नळी घालून पाहिलं,
आतड्याला जखमा.
तेव्हापासून आंधळगावातला प्रत्येक संडास
मला दिशेसकट पाठ आहे,
आणि लग्नाच्या पंगतीत मी टोकाला बसते.

बोटं नंतर धरली.
सकाळी तासभर मूठ वळत नाही,
चहाची बशी दोन तळव्यांत धरून पिते,
लहान पोर पितं तशी.
हाडाचा डॉक्टर हाड बघायचा,
पोटाचा पोट,
आणि सासू बघायची माझी मांडी:
"कोसा वरून वरून झालं म्हनतेस?
आमाले नाई झालं का?"
आणि आपला घट्टा दाखवायची,
मांडीवर साठ वर्षं सूत गेलेली वाट.

खोब्रागडे मॅडमनी मात्र विचारलं,
पोट बिघडतं तेव्हाच बोटं सुजतात का?
एवढंच.
मी खुर्चीत बसून रडले.
दोन्ही दुखणी एकाच सुताची असतील
हे मला ठाऊक होतं,
सांगायला कोणी विचारलं नव्हतं.

आत अंधार, पंखा, गार जेली.
पोरगेला डॉक्टर एकेका पेरावर यंत्र टेकवतो.
पडद्यावर करडं काहीतरी हलतं.
ही पांढरी रेघ, तो म्हणतो, हाड.
हे वरचे बारीक दोरे, ओढले की बोट वाकतं.
मला वाटलं होतं आत काही भयंकर असेल.
हा तर ताणा.
कोणी नीट लावलेला.

मग त्याने एक बटण दाबलं
आणि करड्यात लाल ठिपके उगवले,
थरथरत, विझत, परत.
"सूज आहे तिथं रक्त जास्त धावतं, मावशी."
उजव्या हाताची तीन बोटं. ती मला माहीतच होती,
त्यांची नावं मीच सांगितली होती.
डाव्या अनामिकेवर आला तेव्हा मी हात मागे घेतला.
"हे राहू द्या. हे नाही दुखत."
याच बोटावर सूत ताणून धरते मी,
बाकी सगळी रुसली की
हेच एक घरात कमावतं.
त्याने तरी टेकवलं.

लाल.

दुखणाऱ्या बोटांहून थोडं कमीच असेल,
पण लाल.

सासू कोसा कानाशी नेऊन हलवते
आणि सांगते आत किडा आहे की गेला.
वरून कोसा तसाच, कडक, मुका.
मी माझं बोट कानाशी नेलं,
डॉक्टर म्हणाला, काय करताय?
काही नाही म्हटलं.

"बरं झालं आत्ताच दिसलं," तो म्हणाला,
"आता औषध बदलता येईल, सांधा झिजायच्या आधी."
बरंच झालं असेल.
पण जेली पुसताना मी ते बोट
इतरांपेक्षा हळू पुसलं,
आणि त्याला तेव्हापासून जरा जरा
दुखायला लागलं.

बाहेर ती पोटुशी अजून बसलेली.
"दिसलं का व काई?"
"दिसलं," म्हटलं. "जितं आहे."
तिने आपल्या पोटावर हात ठेवला,
मी माझ्या.

मग काउंटरवरच्या पोरीला
पैसे द्यायच्या आधी विचारून घेतलं:
संडास कोणीकडे?
चारची बस मध्ये कुठे थांबत नाही.